परसातला महाराष्ट्र

आमच्या घराच्या सोप्यात उभं राहिलं की फोन कर्नाटकात असतो आणि परसात गोठ्यापाशी गेलं की महाराष्ट्रात. टॉवरचा खेळ आहे सगळा. दिवसभर या राज्यात तुमचं स्वागत, त्या राज्यात तुमचं स्वागत असे मेसेज येतात आणि मी आपली शेणाची पाटी घेऊन जिथल्या तिथं. निपाणीजवळच्या या गावात लग्न होऊन आले त्याला बरीच वर्षं झाली, तरी आपण नेमके कुठं राहतो हे मला अजून छातीठोकपणे सांगता येत नाही.

माझ्या सासऱ्यांना, भरमूआप्पांना, ते पक्कं ठाऊक असतं. तरुणपणी सीमाभागाच्या आंदोलनात त्यांनी लाठ्या खाल्ल्या आणि तिथंच शपथ घेतली, की सरकारशी कन्नडात एक शब्द बोलणार नाही. कन्नड येत नाही असं नव्हे. बैलबाजारात असं फर्डं बोलतात की दलाल गप्प होतो. विचारलं तर म्हणतात, "बाजार येगळा, सरकार येगळं." कचेरीत कारकून कन्नडात बोलला की हे मराठीत उत्तर देणार, मग काम होवो न होवो. बहुतेक वेळा होत नाही आणि हेलपाटे आम्ही घालतो. मला या हट्टाचा मनस्वी राग यायचा. पण माझं माहेर कागलचं, मला कन्नडाचा गंध नाही, तेव्हा चिडून तरी काय करणार?

त्या दुपारी आप्पा गोठ्यात कडब्याची पेंढी ओढायला गेले आणि पायाला घोणस डसली. माझा नवरा सौरव मोटरसायकल घेऊन कामावर गेलेला. निम्मं गाव आणि झाडून सगळ्या गाड्या एका लग्नाला गेलेल्या. शेजारच्या अंबुबाई तेवढ्या धावत आल्या.

"अगं दिपाली, बघत काय बसलीस? सरकारी गाडीला फोन लाव की! कॉम्प्युटरवर चालतंय म्हणं आता. कुठनं फोन केलाय ते त्येचं त्येला कळतंय."

कळतंय खरं. दोन्ही राज्यांचा नंबर एकच, आणि तो कुणी उचलायचा ते टॉवर ठरवतो. मी गोठ्यातूनच लावला. पलीकडून एका पोरीचा मराठी आवाज आला, "बोला ताई, काय मदत हवी?"

सरकारी फोनवर मराठी! मला रडूच फुटलं. त्या अवस्थेतही आप्पांचा चेहरा उजळला. मी घडाघडा सगळं सांगितलं. साप सांगितला, गाव सांगितलं, जिल्हा बेळगाव सांगितला.

"ताई, बेळगाव जिल्हा माझ्या स्क्रीनवर येतच नाहीये," ती म्हणाली. "यादीतनं निवडल्याशिवाय गाडी सुटत नाही हो."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! ज्या यादीत बेळगाव यावं म्हणून आप्पांनी लाठ्या खाल्ल्या, त्याच यादीत ती पोरगी बेळगाव शोधत होती. बिचारी स्वतःच गोंधळली. कर्नाटकाच्या टॉवरखाली जाऊन परत लावा म्हणाली.

म्हणजे फोन सोप्यात न्यायचा. पण घाबरलेल्या माणसाला कुठलं सुचायला! मी आणि अंबुबाईंनी आप्पांनाच बाजेवर घातलं आणि ओढत ओढत सोप्यात आणलं. आणल्यावर लक्षात आलं, की फोन गोठ्यातच राहिला. मी परत पळाले.

सोप्यातून लावला तर कन्नड. ती बाई विचारत होती, पुन्हा पुन्हा विचारत होती. मी मोडकी हिंदी लावली, तिनंही लावली, आणि मधेच आवाज तुटायचा. एवढं कळलं की गाडी सुटली आहे आणि ती ड्रायव्हरला जोडून देते आहे, त्याला वाट सांगायची. ड्रायव्हर हॅलो म्हणाला. मॅप आमच्या गावाला ओढ्यावरचा जुना रस्ता दाखवतो, जो पुरात वाहून गेलाय, हे मला ठाऊक होतं. ते त्याला कसं सांगायचं हे ठाऊक नव्हतं.

"आप्पा, तुम्ही बोला!" मी ओरडले. "बाजार समजून बोला!"

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं की मी फोन मागंच घेणार होते. पाय तोवर गुडघ्यापर्यंत सुजला होता. त्यांनी हात पुढं केला, फोन घेतला आणि बोलले. कन्नडात. पलीकडूनही कन्नडच येत होतं. ओढ्याकडनं येऊ नको, शाळेवरनं ये, वडापाशी वळ, असं असावं. हातवाऱ्यांवरून मी ओळखत होते. मग फोन माझ्या हातात दिला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं.

"गेलं सगळं," म्हणाले.

गाडी आली. आतली नर्स कन्नड बोलणारी होती, ड्रायव्हरही आप्पांशी कन्नडातच बोलत होता आणि आप्पा नुसते हूं हूं करत होते. त्यांना आत घेतलं, मागोमाग मी चढले, आणि दार लावताना ड्रायव्हरचा मोबाईल वाजला.

"आई, गाडीवर हाय मी. तू जेवून घे, माझी वाट बघू नगंस."

आप्पा स्ट्रेचरवर अर्धे उठले. "मराठी हैस व्हय रं तू?"

"व्हय की आप्पा. निपाणीचाच की मी. शामू."

"मग मघाधरनं कन्नड का बोलालैस?"

"तुमीच सुरू केलासा," शामू म्हणाला. "मला वाटलं, तुमाला मराठी येत न्हाय."

मला हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली. गाडी हलली तसं आप्पांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पाय दुखतोय का विचारलं, तर नाही म्हणून मान हलवली. "जल्मभर जपलं गं पोरी. आन घालवलं ते आपल्याच मानसाफुडं." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या वाक्याची मला सापापेक्षा जास्त भीती वाटली. ज्या हट्टावर मी इतकी वर्षं चिडत आले, तो आता त्यांच्यात कुठं शिल्लक आहे का, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

नर्सनं गालावर थापट्या मारल्या. "अज्जा, कण्ण तगीरी! कण्ण तगीरी!" डोळे उघडा म्हणत असावी.

मीही हाका मारत होते, "आप्पा, डोळे उघडा, आप्पा." पण माझ्या सांगण्यानं भागणार नव्हतं, मी काही सरकार नव्हते.

मग मिटल्या डोळ्यांनीच आप्पांचे ओठ हलले. "मराठीत सांग, मग उघडतो."

नर्स माझ्याकडं बघायला लागली. तिला काही कळलं नव्हतं. पुढून, स्टीअरिंग न सोडता, शामू मोठ्यांदा ओरडला, "डोळं उघडा की वो आप्पा!"

आप्पांनी डोळे उघडले. दवाखाना येईपर्यंत पुन्हा मिटले नाहीत.