घोडोबाचं कवच

विनायकदादा मंगळवारपर्यंत ठेकेदार होता. बुधवारी तो राजा झाला.

तसा बॅनरच लागला, रिक्षा स्टँडसमोर. फेटा, तलवार, गॉगल आणि खाली लिहिलेलं: शिलाहार कुलभूषण. बाजूला त्याच्या आईचा, रंभाकाकीचा फोटो. खाली 'राजमाता'. रंभाकाकीला कोणी विचारलं पण नव्हतं. ती बॅनरखाली उभी राहून बोलली, "माजा फोटो मेलेल्या मानसावानी लावलाय."

राजा व्हायचं कारण आमचं तळं. तळ्याकाठी मोकळी जागा हाय, कोणा एकाची नाय, म्हणजे सगळ्यांची. माझी आई चंद्रावती तिथं बोंबील नि जवळा सुकवते. बाबा गेल्यापासून आमचं घर त्या बोंबलांवरच चालतं. आणि विनायकदादाला तिथंच लग्नाचा हॉल टाकायचा होता, 'राजवाडा लॉन्स'. जागा आमच्या पूर्वजांची, शिलाहार राजांची, पुरावा हाय, असं त्याचं म्हणणं. सोमवारी कुंपणाचे खांब येणार होते. आईला बोलला, "वैनी, तुमी मासली घरच्या पत्र्यावर सुकवा. पाव्हन्यांना वास येतो."

आई गप्प बसली. मी नाय बसले. जे बोलले ते इथं लिहीत नाय.

पुरावा म्हणजे घोडोबा. बांधावरचा कमरेएवढा दगड. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर थापून थापून त्याचा पार फुगलेला वडा झालेला. वरती सूर्य-चंद्र, मध्ये अक्षरं, असं म्हातारे सांगायचे. खाली चार पायांचं कायतरी, म्हणून घोडा. आमच्याकडे हळदीला नवरदेवाला आधी घोडोबाकडे नेतात. तो नारळ फोडतो, घोड्याला हळद लावतो आणि माझा संसार सुखाचा कर म्हणतो. मागे बँजो जोरात.

मी आठ वर्षांची असताना शिंपल्याने खालचा शेंदूर खरवडलेला. घोड्याला लगाम हाय का बघायचं होतं. लगाम नव्हता. घोडाच नव्हता. गाढव होतं, गाढवाखाली एक बाई होती, आणि दोघं काय हरिपाठ म्हणत नव्हती.

आईने कानाखाली वाजवली, शेंदूर परत थापला आणि बोलली, "कोनाला बोलशील तर बघ." नऊ वर्षं नाय बोलले. गावातले सगळे नवरे त्या गाढवाला हळद लावून आले, मी नाय बोलले.

दगड वाचायला विनायकदादाने अविनाश सरांना आणलं. नवीन पनवेलला राहतात, बँकेतून रिटायर, इतिहासाचं वेड. मी नववीत शाळा सोडली ती इतिहासाच्याच तासाला. बाईंना विचारलं, या राजांच्या वेळी आपल्या गावात कोण राहायचं? बाई बोलल्या, परीक्षेला येणार नाही. मी दप्तर तिथंच टाकून निघून आले. पण सर विचारलं की सांगायचे.

"साडेचारशे वर्षं राज्य केलं शिलाहारांनी उत्तर कोकणावर," सर म्हणाले. "बराच काळ राष्ट्रकूटांचे मांडलिक होते."

"म्हणजे राजे, पण वरती साहेब?"

"तसंच म्हण. पदव्या मात्र चार-चार ओळींच्या."

बॅनर तेव्हापासूनच चालू हाय, मला कळलं.

"आणि मूळपुरुष जीमूतवाहन," सरांना आता थांबवता येत नव्हतं. "गरुड रोज एक नाग खायचा. तर हा एका नागाच्या जागी स्वतः खडकावर जाऊन पडला. मला खा म्हणून!"

मी विनायकदादाकडे बघितलं. ह्याने आजपर्यंत कोणाच्या ताटात मटणाचा पीस टाकलेला मी बघितला नाय.

"शेवटचा कोण?"

"सोमेश्वर. यादवांनी जमिनीवर हत्तींनी हरवलं, मग तो जहाजांत चढला. तिथेही हरला. समुद्रात बुडाला."

"बुडाला? मग विनायकदादा कुठनं पोहत आला?"

सर फसकन हसले. विनायकदादा लाल झाला. "ए रमा, तोंड सांभाळ. दगडावर सगळं लिवलेलं हाय."

तिथंच माझं डोकं चाललं. "मग वाचून दाखव ना. शेंदूर काढ, सगळ्या गावासमोर. का भितोस?"

चार माणसं बघत होती. राजा कसा भिणार?

रविवारी सकाळी मंडप, बँजो, ढोकळा. रंभाकाकी नऊवारीत, पुढच्या खुर्चीवर. आईने माझा दंड पकडला. "रमा, तू बोललीस काय त्याला?"

"मी फक्त धुवायला सांगितलं."

गरम पाणी ओतलं, उलथण्याने खरवडलं. कवच फणसाच्या सालीसारखं निघालं. वर सूर्य-चंद्र दिसले, टाळ्या पडल्या. सरांनी अक्षरांवर पीठ चोळलं, चष्मा वर केला.

"राजाचं नाव झिजलंय. शेवटचं 'देव' तेवढं उरलंय. पुढे... 'तळ्याकाठची भूमी गावास दिली.'"

"गावास?" विनायकदादा बोलला.

"गावास."

तेवढ्यात खालचा शेंदराचा तुकडा आपोआप गळून पडला.

बँजोवाला आधी थांबला. मग बायकांनी पदर तोंडाला लावले. मागे बसलेले नवरे, म्हणजे गेल्या चाळीस वर्षांतले सगळे, एकमेकांकडे बघायला लागले.

"हे... ह्याला गधेगळ म्हणतात," सर घाम पुसत म्हणाले. "दानाची जमीन कोणी बळकावू नये म्हणून शाप कोरायचे. वाचायची गरज नाही."

"वाचा ना सर," मी बोलले.

रंभाकाकी काठी टेकत पुढे आली. वाकून बघितलं. नीट बघितलं. "मास्तर, ती बाई कोन?"

"आजी, जुनी पद्धत होती ती..."

"कोन?"

सर सरळ माणूस. खोटं जमत नाय. "जो ही जमीन घेईल... त्याची आई."

काकीने आयुष्यभर त्या दगडाला सकाळचं पहिलं फूल घातलेलं. देव बोलला म्हणजे बोलला.

"इन्या," ती वळली. "मी या वयात गाढव बगू? तुज्या लॉनसाटी?"

"आये, आठशे वर्सांपूर्वीचं हाय ते!"

"मग देव काय रिटायर झाला?"

आणि तिने त्याच्या डोक्यावरचा फेटा ओढला, उलगडला आणि दगडातल्या त्या बाईवर पांघरला. कोणी हसलं नाय. मी पण नाय.

निघताना मी सरांना विचारलं, "चूक लेकाची, मग गाढव आयशीच्या अंगावर का? राजाने स्वतःच्या आईला विचारलेलं का, असलं लिहू म्हणून?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "हे कुठे सापडलं नाही," म्हणाले.

परीक्षेला येणार नाय, मला माहीत होतं.

सोमवारी टेम्पो आला तेव्हा रंभाकाकी बांधावर बसलेली. खांब उतरवले, पण ठोकायची कोणाची छाती झाली नाय. परत न्यायला टेम्पोवाला तयार नव्हता. आठवडाभर पडून राहिले.

मग आईनेच दोन खांब उभे केले, मध्ये दोरी बांधली, बोंबील टांगले. विनायकदादा बाईकवरून गेला, नाकाला रुमाल लावून.

"वैनी, खांब माजे हायेत," लांबूनच ओरडला.

"आयशीला इचारून ये," आई बोलली, आणि पुढचा बोंबील उचलला.