सोमवारच्या उपासातले वाल

१९५८ सालच्या श्रावणातला मंगळवार. बेलवलीत अनंताच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भगताचं कडू तीर्थ पिऊन अनंता ओटीवर ओकत होता आणि घमेल्यात वाल पडत होते. अख्खेच्या अख्खे.

"काल सोमवार, निर्जळी उपास," हिंदुराव भगत म्हणाला. "मग वाल काय पोटात उगवले?"

भगताने उपरण्याने अनंताचं तोंड पुसलं आणि चिमटीत एक वाल वर धरला. त्याला काळा दोरा गुंडाळलेला होता.

"ही करणी. जिने वाढलं तिने तेलात हात घालावा. खरी असेल तर भाजायची नाय."

चुलीवरच्या कढईतल्या तेलातून धूर निघू लागला होता. रविवारी वालाचं बिरडं वाढलं होतं अनंताची सून जनीने. तिचा नवरा जयदेव पहाटेच अंबरनाथला डॉक्टर आणायला गेला होता. अजून त्याचा पत्ता नव्हता.

सासू गोदूबाईने तिचं मनगट धरलं. "चल जने. माजा माणूस झिजतोय."

"भगत, तो वाल दाव जरा," जनी म्हणाली.

"शिवशील तर मरशील."

"तेलान हात घालायचाच हाय, मंग वालाचा काय भेव?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात जनीने वाल ओढून घेतला.

"आत्याबाय, आपले घरान वाल सोलल्याबिगर कधी शिजलंय? घमेल्यातले सोललेले. यो सालीसकट." तिने तो दाताखाली धरला. कट्‌कन मोडला. "रातभर भिजला तरी वाल फुगतो. यो पोटान होता, तर सुका कसा?"

शनिवारी तेच वाल सोलायला गोदूबाई शेजारी बसली होती. तिने मनगट सोडलं आणि भगताचं उपरणं खेचलं. गाठीतून दोरा गुंडाळलेले आणखी तीन वाल पडले.

जयदेव डॉक्टर मालिनीबाईंना घेऊन आला, तेव्हा भगत पसार झाला होता.

"पण बाकीचे वाल?" गोदूबाईने विचारलं.

"रविवारचेच," डॉक्टर म्हणाल्या. "हे लघवी करतात त्या मोरीत मुंग्या लागतात का?"

"सात-आठ वर्सं लागतात."

डॉक्टरांनी लघवी तपासली. "साखरेचा रोग आहे. त्याने जठराच्या नसा दुबळ्या झाल्या, अन्न पुढे ढकललंच जात नाही. कुणाला हे पोटाच्या ऑपरेशननंतर होतं, कुणाचं कारण सापडतही नाही."

"बरं व्हतील ना?"

"पुरते नाहीत. मऊ अन्न, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. रोज इन्शुलिनची सुई. उपास बंद. सांभाळलंत तर वर्षं काढतील."

अनंताने नऊ वर्षं काढली. ओकाऱ्या अधूनमधून व्हायच्याच. शेवटी नजर गेली, मग मूत्रपिंडं. जयदेव रोज सुई उकळून ठेवायचा. भगताला कुणी धरलं नाही. पुढच्या वर्षी खाडीपलीकडच्या गावात एका बाईचा हात कोपरापर्यंत भाजला. तिथे वाल मोडून पाहणारं कोणी नव्हतं. गोदूबाई मरेपर्यंत जनीशेजारी वाल सोलत राहिली, पण त्या मंगळवारचं नाव दोघींनी कधी काढलं नाही. जनीच्या घरात मात्र सोमवारचा उपास पुन्हा कुणी धरला नाही.

म्हणून सांगणं एवढंच. पोटातून काय निघालं हे कुणी दाखवू लागला, तर ते आधी हातात घ्या, मोडून पाहा. तेल तापायच्या आत.