बॉसच्या अंगठ्यावर पडलेली बादली

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे, आणि सूड कसा उगवायचा हे मला पक्कं ठाऊक आहे!

कारखान्यात ठोकून ठोकून मला घडवलं, म्हणून माझा आवाज खणखणीत. मग मी मुलींच्या वसतिगृहात, अगदी वरच्या मजल्यावर आले. किती ओढण्या भिजवल्या, परीक्षांच्या सकाळी किती गरम पाणी वाहिलं! पहिल्या वर्षाची एक मुलगी, सगळ्यांची लाडकी 'चिमणी', तर मला घासूनपुसून लख्ख करायची आणि म्हणायची, "बादलीबाई, काय दिसताय आज!"

तिच्याच खोलीतल्या सीनियर मुलीला सगळ्या 'बॉस' म्हणत. तिला माझी कवडीची किंमत नव्हती. माझ्यात दारूच्या बाटल्या लपवायची, गांजाची राख झाडायची, वर ओकायचीही माझ्यातच! एकदा तर लाथ घालून माझ्या पोटाला पोचा पाडला. मी सगळं मुकाट गिळलं. मनात म्हटलं, थांब बये, माझीही वेळ येईल.

एका सुट्टीच्या दुपारी बॉसने चिमणीलाही पाजली. वर गांजा भरलेली सिगारेट पुढे केली. "ओढ गं! दोन्ही मिळून डबल मजा."

"बॉस, मला आधीच गरगरतंय..."

"नाटकी कुठली!"

चिमणीने ओढली. थोड्याच वेळात ती पांढरीफटक पडली, भडाभडा ओकली आणि उताणी कोसळली. हाका मारल्या, गदागदा हलवलं, तरी हूं नाही की चूं नाही. तिची मैत्रीण चष्मिष रडायला लागली. "मी रेक्टरबाईंना बोलावते."

"खबरदार! सगळ्यांना हाकलतील. गार पाणी ओतू, आपोआप उतरेल."

वरचा नळ कोरडा होता. बॉसने मला खालून काठोकाठ भरलं आणि जिना चढू लागली. वर माझी चिमणी घुसमटत होती, आणि हिला आपली लपवाछपवी सुचत होती! माझी कडी एका बाजूने झिजली होती. मी सगळा भार तिथेच टाकला.

धाड! कडी तुटली आणि मी नेमकी बॉसच्या पायाच्या अंगठ्यावर आदळले. काय गोड किंचाळली ती! मग पायरीपायरीवर आपटत, ढणढण बोंबलत मी थेट रेक्टरबाईंच्या दारात.

"कुणी मेलंय का वर?" बाई गरजल्या.

"अजून नाही!" वरून चष्मिष ओरडली. "पण बाई, लवकर या!"

बाईंनी चिमणीला कुशीवर वळवलं, तिचं तोंड साफ केलं आणि तिला दवाखान्यात नेलं. आणखी थोडा वेळ ती उताणी राहिली असती, तर उलटी श्वासात अडकून जीव गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. चिमणी वाचली. बॉस लंगडत आपल्या आईवडिलांसमोर उभी राहिली, तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मला दया आली का? अजिबात नाही!

आता माझी कडी तुटली आहे, बूड फुटलं आहे. मी अडगळीत पडून असते. पण मित्रांनो, एवढं ऐका. दारू आणि गांजा एकत्र घेतल्यावर मजा दुप्पट होते, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. आणि कुणी असं निपचित पडलंच, तर पाणी आणायला धावू नका, मोठं माणूस आणायला धावा. नाहीतर लक्षात ठेवा, प्रत्येक वसतिगृहाच्या जिन्यावर माझी एखादी बहीण टपून बसलेली असते!