पाहुण्याची सोबत

मामांनी चंदीची बादली घोड्यापुढे ठेवली आणि ते दाराबाहेर पडले, तसं घोड्यानं बादलीतून तोंड काढून घेतलं. मामा आत आले, घोडा खाऊ लागला. पुन्हा बाहेर गेले, पुन्हा तोंड वर. तिसऱ्या खेपेला मामा दारातच मटकन खाली बसले.

"झाली खात्री?" नवा मोतद्दार म्हणाला.

मामा म्हणजे चाळीस वर्षं या तबेल्यात घोडे सांभाळलेला माणूस. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला त्यांनी एकच धडा दिला होता. विकत आणलेल्या घोड्याला आधी जनावराची सोबत द्या, माणसाचा लळा मागाहून. माणूस रजेवर जातो, आजारी पडतो, नोकरी सोडतो. जनावर कुठे जाणार? आणि नेमका हाच धडा त्यांनी स्वतः मोडला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

त्याचं असं झालं, की हा तांबडा घोडा, तबेल्यातल्या सगळ्यांचा 'पाहुणा', आला तेव्हा मामींना जाऊन जेमतेम महिना झाला होता. खोलीत एकट्यानं बसलं की मामांच्या घशाखाली घास उतरत नसे. घोडाही बिचकलेला, वैरणीला तोंड लावेना. म्हणून एका दुपारी मामा आपला डबा घेऊन त्याच्या ठाणात जाऊन बसले. दोन घास यांनी खाल्ले, दोन त्यानं. चौथ्या दिवशी तर त्यांनी सतरंजीच नेऊन अंथरली. शेजारच्या ठाणात आत्याबाई होती, म्हणजे वीस वर्षांची पांढरी घोडी. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला वळण लावते म्हणून सगळे तिला तसं म्हणत. तिची नि पाहुण्याची गाठ घालून द्यायचं मामा आज करू, उद्या करू म्हणत टाळत राहिले. खरं सांगायचं तर त्यांना ते नकोच होतं. कुणीतरी आपली वाट बघतंय, हे सुख त्यांना परत मिळालं होतं, आणि त्यात वाटेकरी नको होता.

मग गुडघ्यांनी दगा दिला. पाण्याची बादली घेऊन मामा दोनदा पडले. दुसऱ्यांदा तासभर कुणाला पत्ताच नव्हता. लेक आली, रडली, भांडली, आणि पुढच्या रविवारी न्यायला येते म्हणून बजावून गेली. मामा हो म्हणाले. नाही म्हणून करतात काय? मालकांनीही सरळच सांगितलं, की तुम्ही गेल्यावर हा खाणार नसेल तर मी त्याला परत धाडतो. चार ठाणं बदलून आलेलं जनावर ते. पाचव्यांदा त्याला गाडीत चढवायची वेळ आपल्यामुळे येणार, या विचारानं मामांचं काळीज तुटलं.

बादलीची ती परीक्षा झाली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी सतरंजी उचलली. आत्याबाईची झूल पाहुण्याच्या ठाणात टाकायला लावली, त्याची तिच्या. आधी वासाची ओळख. मग मोकळ्या जागेत कुंपणाच्या दोन बाजूंना दोघांची वैरण, दर खेपेला हातभर जवळ. आणि मुख्य म्हणजे मामांनी त्याच्या नजरेला पडायचं नाही. ते वैरणीच्या खोलीत बसून फळ्यांच्या फटीतून बघत आणि नव्या मोतद्दाराला काय करायचं ते सांगत.

तिसऱ्या दिवशी घोडा सकाळभर खिंकाळत होता. वैरणीकडे पाठ, तोंड मामांच्या खोलीच्या वाटेकडे. मामा दोनदा उठून दारापर्यंत गेले आणि परतले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा मोतद्दार दारात आडवा झाला.

"मामा, तुम्हीच सांगितलंय मला. मी आलो तरी सोडू नकोस म्हणून."

"त्याला वाटेल मी टाकला त्याला."

"वाटू दे."

मामा गवताच्या पेंढीवर बसले. मामी गेल्या तेव्हा चारचौघांत आवरून धरलेलं रडू त्यांना तिथे फुटलं. मोतद्दार बादली उचलून बाहेर गेला.

पाचव्या दिवशी आत्याबाईनं कान पाडून कुंपणावरून पाहुण्याचा एक चावा घेतला. तो किंचाळून लांब पळाला, आणि थोड्या वेळानं आपण होऊन परत आला. संध्याकाळी तिच्या बाजूचं गवत चोरून खाताना दिसला. मामा फटीला डोळा लावून हसले आणि लगेच त्यांना वाईटही वाटलं. सातव्या दिवशी मधलं फाटक उघडलं.

रविवारी लेक गाडी घेऊन आली. सामान ते किती, एक ट्रंक आणि एक गाठोडं. मालक भेटले, मोतद्दार पाया पडला. मामा कुंपणाबाहेर, झाडाआड उभे राहिले. आत ते दोघं एकमेकांच्या तोंडाशी शेपूट करून उभे होते, एकमेकांच्या माश्या वारत. पाहुण्याचं पोट भरलेलं दिसत होतं.

लेक जवळ आली. "बाबा, मारा ना एक हाक. एवढा जीव लावलात त्याला."

"नको गं. हाक मारली आणि आला, तर सगळी मेहनत पाण्यात."

"आणि नाही आला तर?"

तिच्या खांद्याचा आधार घेऊन मामा वळले. तबेल्याच्या मोठ्या फाटकाची कडी लावताना ती वाजू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी धरली, आणि हळूच खाली सोडली.