घाटघरची हजेरी

तिथीवर जत्रा आणि जत्रेवर तमाशा, हे आपल्याकडं आजा-पणजापासून चालत आलंय. त्यामुळं सावळेराम मॅनेजर सुपारी घेताना तारीख कधी विचारायचाच नाही. "तारीख सायबाची, तिथी देवाची," म्हणायचा आणि मिशीवरून हात फिरवायचा. पाडव्याला त्यानं चैत्र वद्य पंचमी आणे गावाला दिली, षष्ठी घाटघरला दिली आणि पोटभर जेवून झोपला. यंदा षष्ठीचा क्षय आहे, हे पंचांगात बघायचं काही त्या शहाण्याला सुचलं नाही.

जत्रा दोन दिवसांवर आली तेव्हा फडातल्या धाकट्या रत्नानं मोबाईल त्याच्या पुढं धरला. "मामा, हितं पंचमी झाली का डायरेक सप्तमी हाय. षष्टी कुटं गेली?"

"कुटं जाईल? आसंल तितंच," सावळेराम म्हणाला. मग त्यानं चष्मा लावला, आणि त्याचा चेहरा उतरला. षष्ठी पंचमीच्याच पोटात गेलेली, म्हणजे दोन्ही जत्रा एकाच दिवशी! आणं पार पूर्वेच्या पठारावर, घाटघर पार पश्चिमेला नाणेघाटाच्या तोंडाशी. आणि फड एवढासा, ट्रक एकच. पोरं-पोरी हसून हसून लोळली. हसली नाही ती एकटी गोजरबाई.

गोजरबाई घाटघरची लेक. भाताच्या आवणीत तिनं गाणं धरलं की पलीकडच्या खाचरातल्या बाया हात थांबवून ऐकायच्या. पुढं तिनं फडातल्या सोमाजी पेटीवाल्याशी लग्न केलं, तमाशाच्या बोर्डावर उभी राहिली, आणि गावानं तोंड फिरवलं. थोरला भाऊ धर्माजी तेवढा दर भाऊबीजेला घरचे तांदूळ घेऊन तिच्या बिऱ्हाडी यायचा. ओवाळून घ्यायचा, चहा प्यायचा आणि एसटी पकडायचा. पण तिचा खेळ बघायला कधी आला नाही, आणि 'म्हायेरी ये' हा शब्द काही त्याच्या तोंडून निघाला नाही. आता गावातली नवी पोरं जत्रा कमिटीत आली होती. त्यांनी हट्टानं सुपारी दिली होती, "आपल्या गावची बाई हाय, आपल्यातच गाऊ दे." त्या दिवसापासून गोजरबाईचे पाय जमिनीवर नव्हते. दिसेल त्याला ती "माज्या म्हायेरची सुपारी" म्हणून सांगत सुटली होती.

"आक्का," सावळेराम चाचरत म्हणाला, "घाटघरला पुढल्या साली जाऊ. आणं दरसालचं गाव हाय आपलं."

"पुढल्या साली?" गोजरबाई कडाडली. "दादा सत्तरीला टेकलाय आन् माजं गुडघं आत्ताच कुरकुरत्यात. येकदा, फकस्त येकदा, त्यानं मला गाताना बघावं, येवढंच मागणं हाय माजं. चूक तुजी, आन् म्हायेर माजं बुडवतोस व्हय रं?"

मध्ये पडला भागू. हा भागू म्हणजे फडातली मावशी. गवळणीत लुगडं नेसून असा ठुमकायचा की खऱ्या मावश्यांनी तोंडात बोट घालावं.

"हजेरी घाटघरला करू," तो म्हणाला, "आन् रातचा खेळ आण्याला."

रात्रभर खेळ झाला की दुसऱ्या सकाळी गावाच्या पारावर, पडदा नाही, लाईट नाही, असा जो साधा खेळ होतो, ती हजेरी. सावळेराम उसळला, "रातच्या खेळाआदी हजेरी? ही तर लग्नाच्या आदी वरात झाली राव!" पण दुसरा इलाज नव्हता. घाटघरकरांना फोन केला तर ते म्हणाले, बरंच झालं, आमची माणसं वाड्यावस्त्यांवरनं चालत येत्यात, उन्हाचीच घरी पोचतील. मग सावळेरामानं अट घातली. जीपमध्ये पेटी, ढोलकी, भागू आणि गोजरबाई. बाकी सगळा ताफा ट्रकमध्ये आण्याला. जेवणवेळेला जीप तिथनं निघाली पाहिजे.

सकाळी घाटघरच्या देवळापुढं सतरंजी पडली. एका अंगाला बाया, एका अंगाला बाप्ये, पोरं झाडावर. धर्माजी पार मागं, वाटेच्या कडेला, गुडघ्यांना मिठी मारून बसला होता. गोजरबाई पाया पडली तेव्हा "आलीस?" एवढंच बोलला. त्याची बायको झुंबरबाई बायांच्या घोळक्यात बसली होती. तिनं तर मानही वर केली नाही.

गण झाला. आता गवळण. आणि इथं सोमाजीच्या ध्यानात आलं की गवळणी गेल्या ट्रकातनं आण्याला. एकट्या राधेनं मथुरेच्या बाजाराला जायचं तरी कसं? पेटी नुसतीच सूर धरून राहिली.

भागूनं कमरेवर हात ठेवला. "अगं राधे, बाजाराला येकलीच निघालीस व्हय? तुज्या बरुबरीच्या कुटं हैत?"

गोजरबाईनं बायांकडं बघितलं. सगळ्या ओळखीच्या. एका चिखलात आवणी केलेल्या.

"मावशे, हितंच बसल्यात की समद्या," ती म्हणाली. "पर माज्यासंगं कोन उठतंय?"

कुणी हललं नाही. मग झुंबरबाई उठली. पदर खोचला, फडवाल्यांसाठी भरून ठेवलेली पाण्याची कळशी उचलून डोक्यावर घेतली आणि सतरंजीवर येऊन उभी राहिली. "चला वन्सं. बाईमाणसानं येकटं बाजाराला जाऊ ने," म्हणाली.

अहो, मग काय विचारता! शेजारी बसलेली कुशाबाई उठली, तिच्या मागं चार-पाच उठल्या, कुणी टोपली घेतली, कुणी नुसताच हात डोक्यावर धरला. ढोलकी कडाडली. गोजरबाईनं गवळण धरली आणि तिचा आवाज आज असा लागला की झाडावरची पोरंसुद्धा गप्प झाली. बाया ठेका चुकत होत्या, एकमेकींच्या पायावर पाय देत होत्या आणि हसून बेजार होत होत्या. वरात वाटेपर्यंत आली. तिथं धर्माजी बसलेला.

"अगं बया!" भागू किंचाळला. "मथुरेच्या वाटंवर ह्यो कसला टोलनाका? किस्ना न्हाई तर न्हाई, पेंद्या तरी घावला! उठा पेंद्याबुवा, मागा दान!"

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. धर्माजी मात्र हसला नाही. सावकाश उठला, धोतर झटकलं, वाट अडवून उभा राहिला.

"दान दिल्याबिगार वाट न्हाई," तो म्हणाला.

"काय दान पायजे रं पेंद्या? दही घे, दूद घे, लोणी घे," गोजरबाईनं ठेक्यात विचारलं.

धर्माजीनं पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. "दही-दूद नगं," तो म्हणाला. "आजची रात म्हायेरात ऱ्हा."

ढोलकी थांबली. उभ्या जन्मात बोर्डावर जिचा शब्द अडला नव्हता, ती गोजरबाई तोंड उघडून नुसती उभी राहिली. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं, रंग ओघळला, तरी तिला पुसायचं भान नव्हतं.

"दिलं! दान दिलं!" भागूनंच ओरडून टाकलं.

"आन् आण्याचं रं?" ती कुजबुजली.

"आण्याला रत्ना गाईल. कवाधरनं तुज्या जागंवर टपून बसलीया, येक रात बसू दे की बिचारीला. सावळ्याचं तोंड मी सांभाळतो."

जेवणवेळेला जीप निघाली. सोमाजी पेटी मांडीवर घेऊन बसला आणि वळणापर्यंत मागं बघून हात हलवत राहिला. झुंबरबाई नणंदेला म्हणाली, "चला आता, चूल पेटवायचीय. गवळण झाली म्हनून सैपाक कोन करनार?"

दोघी घराकडं निघाल्या. गोजरबाईची पिशवी खांद्याला अडकवून धर्माजी पुढं चालला होता, आणि वाटेत भेटेल त्याला, कुणी विचारलं नसताना, सांगत होता, "भन आलीया माजी. मुक्कामाला हाय."