ताईने फाडलेली नोट

वकीलबाईंच्या टेबलावर एक प्रॉमिसरी नोट ठेवली होती आणि तिच्यापुढे तिघं बसले होते. म्हातारा बाइंडर, त्याचा मुलगा आणि मेव्हणा. मेव्हणा म्हणजे बाइंडरच्या बायकोचा धाकटा भाऊ. सहा वर्षांपूर्वी लेथ मशीन घ्यायला त्याने बहिणीकडून पैसे घेतले होते आणि पाच वर्षांत फेडीन अशी ही नोट लिहून दिली होती. बहीण जाऊन आता चार महिने झाले. मुलाला कपाटात नोट सापडली आणि त्याने मामाकडे पैसे मागितले. मामाने हात वर केले. मशीन विकल्याशिवाय एवढी रक्कम उभी राहणार नव्हती, आणि मशीन विकलं की पोट कशावर भरायचं?

"ताईने माझ्यासमोर फाडली होती ही," मेव्हणा म्हणाला. "दवाखान्यातून घरी आणलं ना, त्या आठवड्यात. म्हणाली, जा, सुटलास."

"मग ही काय भुताने आणून ठेवली?" मुलगा म्हणाला. "मामा, गेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं. दवाखान्याची बिलं माझ्या डोक्यावर आहेत, तुमच्या नाही."

मेव्हण्याचा चेहरा पडला. त्याने बाइंडरकडे बघितलं. "भावजी, तुम्ही तरी बोला."

बाइंडरला बोलायचा कंटाळा आला होता. चार महिने त्याला सगळ्याचाच कंटाळा होता, उठायचा, जेवायचा, दाराची कडी काढायचा. पण आता गप्प राहून भागणार नव्हतं.

"फाटली होती," तो म्हणाला. "मीच जोडली."

"तुम्ही?" मुलगा म्हणाला.

"ती गेल्यावर कपाट आवरत होतो. दोन तुकडे मिळाले. हाताला काही काम हवं होतं. खळ केली, मागून पातळ कागद लावला, वजनाखाली ठेवली, वाळल्यावर परत कपाटात. काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही."

चाळीस वर्षं फाटकी पुस्तकं जोडण्यात गेली होती. कुणी का फाडलं, हे विचारायची त्याला सवय नव्हती.

मुलाने नोट हातात घेऊन उलटसुलट केली. "जोड कुठे दिसतोय?"

"दिसला तर मी कसला बाइंडर?" बाइंडरने नोट घेऊन खिडकीशी धरली. उजेडात आडवी फिकट रेघ उमटली.

"घडीवर फाटली असेल. जुना कागद आहे," मुलगा म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

"घडी ही इथे. घडीवर फाटलं की कडा झिजलेल्या असतात आणि रेघ सरळ जाते. ही वाकडी गेलीय, बरोबर सहीवरून. हाताने फाडलीय. आणि इथे बघ." त्याचं बोट मधे थांबलं. "इथे रेघ तुटलीय. पुन्हा जरा वरून सुरू झालीय. एका दमात नाही जमलं तिला."

त्या आठवड्यात तिला पाण्याचा पेला धरवत नव्हता. ते तिघांनाही माहीत होतं. मेव्हणा खाली बघत म्हणाला, "मी म्हटलं, ताई, दे, मी फाडतो. नाही दिली."

मुलाने नोट घेऊन त्या तुटलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्याने वकीलबाईंना विचारलं, "फाडली म्हणजे कर्ज माफ झालं का?"

"माफ करायलाच फाडली, हे सिद्ध करता आलं तर," वकीलबाई म्हणाल्या. "पण आता ती जोडलेली आहे आणि साक्षीदार एकच, तोही कर्जदार. भांडायचं तर वर्षं जातील. नसेल भांडायचं तर काम दहा मिनिटांचं आहे. आईंच्या मागे हक्क तुम्हा बापलेक दोघांचा, तेव्हा एकट्याच्या सहीने भागणार नाही. नोटेवर आडवं 'रद्द' लिहायचं, दोघांनी सही करायची, तारीख घालायची. वेगळ्या कागदावर लिहून द्यायचं की कर्ज सोडलं, काही येणं नाही. त्यावर दोन साक्षीदार. आणि मूळ नोट मामांच्या हातात द्यायची. घरात ठेवली की उद्या पुन्हा कुणाला तरी सापडते."

"बिलांचं काय, बाबा?"

"फेडू. हळूहळू. कामं येतात अजून."

मुलाने पेन मागितलं. आधी त्याने सही केली, मग बाइंडरने. बाहेरचा कारकून आणि शेजारचा झेरॉक्सवाला साक्षीला आले, सह्या करून गेले. वकीलबाईंनी नोट मेव्हण्यापुढे सरकवली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली.

जिना उतरताना बाइंडर त्याच्या बरोबरीने चालत होता. मुलगा पुढे गेला होता.

"मला का नाही सांगितलं तिने? मी काय नाही म्हटलं असतं?"

"मी विचारलं होतं," मेव्हणा म्हणाला. "म्हणाली, त्यांना नको सांगू. फाटका कागद दिसला की ते खळ करायला बसतात."

बाइंडर कठडा धरून उभा राहिला. त्याला हसू आलं, चार महिन्यांत पहिल्यांदाच, आणि ते घरी जाऊन जिला सांगावं ती नव्हती. तो तिथेच पायरीवर बसला. मेव्हणाही शेजारी टेकला. खालून मुलाने हाक मारली, तरी दोघं उठले नाहीत.