बँडचं चित्र

आयोवातल्या आमच्या गावच्या कलासंग्रहालयात मी तिकिटाच्या खिडकीवर बसते. व्हर्ना टॉलेफसनची पहिली फेरी मी तिथूनच पाहिली, म्हणजे निम्मी. उरलेली निम्मी पाहायला खिडकी बंद करून आत गेले.

व्हर्नाने तीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे लोकांना चित्रं दाखवणारी स्वयंसेविका झाली. आठवडाभर चौदा पानं टिपणं पाठ करत होती. सोमवारी सकाळी शेजारच्या गावातून अकरा म्हातारे आले. सगळे अग्निशमन दलातून निवृत्त झालेले आणि सगळेच्या सगळे दलाच्याच बँडमधले. बायकांनी पाठवलंय म्हणून आलोय, असं त्यांनी दारातच सांगून टाकलं.

पहिलंच चित्र होतं गावच्या सहलीचं. कोणा स्थानिक चित्रकाराने नव्वदेक वर्षांपूर्वी काढलेलं, भिंतभर. टेबलावर केक आणि भाजलेली कणसं, मागे सहाजणांचा बँड, टेबलाखाली एक कुत्रा. व्हर्नाने तोंड उघडलं आणि चौदाच्या चौदा पानं डोक्यातून उडाली. चित्रकाराचं नावसुद्धा आठवेना. मग प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवलेलं तेवढंच तिने विचारलं, तुम्हाला काय दिसतंय?

 मग मर्ल ह्रुस्का नावाचा उंच म्हातारा चित्राच्या इतका जवळ गेला की पहारेकरी ड्वेन खुर्चीतून उठला.

"ट्रॉम्बोनवाल्याने नळी पार टोकापर्यंत सोडलीय," मर्ल म्हणाला. "हा 'बी' सूर वाजवतोय."

दुसऱ्याने सांगितलं की कॉर्नेटवाल्याने आपल्या छोट्या तुतारीचं पहिलं आणि तिसरं बटण दाबलंय, म्हणजे 'सी', आणि 'बी'शी त्याचं अजिबात जमत नाही. तिसऱ्याला ट्यूबाच्या मोठ्या भोंग्यावरची बोटं दिसली. वाद सुरू झाला. गाल किती फुगलेत, ओठ किती आवळलेत, सगळं तपासून झालं. आता व्हर्नाचीही भीड चेपली होती.

"हे बघा, भांडू नका," बसमधल्या मुलांना दटावायची त्याच आवाजात ती म्हणाली. "ज्याचा जो सूर, तो त्याने तोंडाने काढा. मी तीन म्हणाले की सगळ्यांनी एकदम."

तिने तीन म्हटलं आणि जो आवाज निघाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. गोठ्यात एकाच वेळी सगळ्या गाईंच्या शेपटीवर कोणी पाय द्यावा, तसा. शेवटी ड्वेनने लाकडी खुर्चीवर थाप मारली, कारण चित्रातल्या ढोलवाल्याचा हात वर होता आणि त्याला राहवलं नाही.

आवाज ऐकून संग्रहालयाच्या प्रमुख फिलिस ओकनबाई धावत आल्या. आता बोलणी बसणार म्हणून व्हर्ना पांढरी पडली. पण मर्लनेच बाईंना हाताला धरून चित्रापाशी नेलं.

"बाई, हा बँड अत्यंत भिकार वाजवतोय," तो म्हणाला. "चित्रकाराला ते माहीत होतं. तो कुत्रा बघा."

भिंतीवरच्या पाटीत फिलिसबाईंनीच लिहिलं होतं की कुत्रा सुखाने पहुडला आहे. आम्ही सगळे वाकून बघू लागलो. कुत्र्याने कान घट्ट पाडले होते आणि डोकं दोन्ही पंजांखाली दडवलं होतं. कणसं खाणारी एक बाई तर एका कानात बोट घालून बसली होती. इतकी वर्षं आम्ही रोज त्या चित्रासमोरून जात होतो.

फिलिसबाईंनी आपली पाटी पुन्हा एकदा वाचली. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि त्या हसता हसता सरळ जमिनीवर बसल्या. त्यांना बघून व्हर्ना बसली, मग मर्ल बसला, आणि त्याला परत उठवायला चौघे लागले.

त्या दिवशी ठरलेल्या आठ चित्रांपैकी मंडळींनी एकच पाहिलं. बस बाहेर वाट बघत थांबली होती. निघताना मर्लने व्हर्नाला विचारलं की पुढच्या सोमवारी बायकांनाही आणलं तर चालेल का, त्यातल्या तिघी क्लॅरिनेट वाजवतात.